फाईल उघडते, पण हात लावू देत नाही

ऑगस्ट अर्धा सरला की नगर जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांमध्ये अहवालाची घाई सुरू होते. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायलाच हवी. सभासदांना सभेआधी पूर्ण चौदा दिवसांची नोटीस द्यायची, तिच्यासोबत अहवाल द्यायचा, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात छपाई आटोपलेली हवी. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, शिक्षकांच्या आणि पगारदारांच्या संस्था, सगळ्यांच्या तारखा एकमेकींवर चढतात. ताळेबंद लेखापरीक्षकांकडून यायचा असतो, अध्यक्षांचं मनोगत शेवटच्या दिवसापर्यंत बदलत असतं, आणि नेमक्या त्या वेळी एखाद्या सचिवांचा फोन येतो, "ताई, फाईल रीड-ओन्ली दाखवतेय. तेवढा पासवर्ड काढून द्या ना."

पासवर्ड बहुतेक वेळा नसतोच. फाईल उघडते, वाचता येते, प्रिंटही निघते. बदल करून सेव्ह करायला गेलं की मात्र ती नकार देते. या नकाराची कारणं पाच-सात तरी असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. म्हणून मी फोनवर आधी तीन गोष्टी विचारते. फाईल आली कुठून? काल शेवटचं काम कुणाच्या मशीनवर झालं? आणि वरच्या पट्टीत नेमकं काय लिहिलंय, ते अक्षर न अक्षर वाचून दाखवा. तिसऱ्या प्रश्नाला लोक कंटाळतात, "तेच आपलं, नेहमीचं काहीतरी इंग्रजी आलंय" म्हणतात. पण निम्मं निदान त्या ओळीतच असतं.

मी मूळची टायपिंगची. नगरला गोदरेजच्या मशीनवर मराठी तीस आणि चाळीसच्या परीक्षा दिल्या, मग शिकवायला लागले, आणि संगणक आले तेव्हा जॉब-वर्क घेऊ लागले: संस्थांचे अहवाल, दस्तांचे मसुदे, राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध. ज्यांची कामं टाईप केली त्यांनीच पुढं आपापल्या ऑफिसात संगणक घेतले, आणि अडलं की मला बोलवू लागले. दुरुस्तीचं शिक्षण मी कुठं घेतलं नाही. लोकांच्या अडलेल्या फायली हेच ते शिक्षण.

सुरुवातीची वर्षं फ्लॉपीची. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक सरकती खिट्टी असायची. ती सरकवून भोक उघडं केलं की फ्लॉपीवर लिहिणं बंद. हे कुलूप डोळ्यांना दिसायचं आणि नखानं उघडायचं, त्यामुळे त्याची तक्रार क्वचितच यायची. न दिसणारं कुलूप पहिल्यांदा भेटलं ते सीडीबरोबर. विंडोज ९८च्या काळात सीडीवरची फाईल संगणकावर उतरवली की सीडीवरचा 'फक्त वाचा' हा शिक्काही तिच्यासोबत उतरायचा. उजवं बटण दाबा, प्रॉपर्टीजमध्ये जा, रीड-ओन्लीसमोरची खूण काढा, काम झालं. हा उपाय लोकांच्या इतका डोक्यात बसलाय की आजही सगळे आधी तोच करून पाहतात. फाईलवर करतात तोवर ठीक आहे. पण कित्येकजण अख्ख्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडतात. तिथं रीड-ओन्लीच्या चौकटीत भरीव चौकोन दिसतो. तो काढायचा, पुन्हा बघायचं, तर तो परत आलेला! मग मशीनमध्ये व्हायरस शिरलाय असं ठरतं आणि फॉरमॅट मारण्यापर्यंत गोष्ट जाते. फोल्डरवरच्या त्या चौकोनाचा आतल्या फायलींच्या कुलपाशी काही संबंध नसतो, विंडोज तो तसाच दाखवते. एवढं समजावलं की माणसाच्या जिवावरचं ओझं उतरतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

खरा धडा दिला भारनियमनानं. २००५ नंतरची काही वर्षं तालुक्याच्या गावांत आणि खेड्यांत वीज कित्येक तास नसायची. इन्व्हर्टर दमलेला, यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली. वर्ड उघडं असतानाच मशीन बंद पडायचं. वीज आल्यावर तीच फाईल उघडावी तर पडद्यावर निरोप: ही फाईल अमक्याच्या ताब्यात आहे, वाचण्यापुरती प्रत उघडू का?

झालेलं असायचं असं. वर्ड कुठलीही फाईल कामासाठी उघडतं तेव्हा त्याच फोल्डरमध्ये एक छोटीशी लपलेली फाईल ठेवतं. तिचं नाव मूळ फाईलसारखंच, फक्त सुरुवातीला टिल्ड आणि डॉलर ही दोन चिन्हं. आत उघडणाऱ्याचं नाव असतं. 'मी आत बसलोय' अशी दारावर लावलेली ती चिठ्ठीच. दुसऱ्या मशीनवरून कुणी तीच फाईल उघडू लागलं की वर्ड चिठ्ठी वाचतं आणि त्याला सांगतं, आत माणूस आहे. काम संपवून फाईल नीट बंद केली की चिठ्ठी आपोआप पुसली जाते. वीज गेली तर माणूस उठून जातो आणि चिठ्ठी दारावरच राहते.

त्या चिठ्ठीवरच्या नावानं एका दूध संस्थेच्या सचिवांची झोप उडवली होती. त्यांच्या अहवालाची फाईल एका कॉम्प्युटरच्या दुकानाच्या ताब्यात असल्याचं पडद्यावर येत होतं. त्या दुकानातूनच त्यांनी मशीन घेतलं होतं. दुकानदार शहरात बसून आपली फाईल उघडतो, सभासदांच्या ठेवी बघतो, अशी त्यांची खात्रीच झाली. मी गेले तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. खरं कारण साधं होतं. वर्ड बसवताना वापरणाऱ्याचं नाव विचारलं जातं, तिथं दुकानाच्या माणसानं सवयीनं दुकानाचंच नाव टाकलं होतं. त्या मशीनवर कुणीही बसो, चिठ्ठीवर नाव दुकानाचंच उमटायचं. मी त्या जागी सचिवांचं नाव घातलं आणि मग त्यांच्यासमोर पुन्हा तशीच चिठ्ठी पडू दिली, म्हणजे त्यांना आपलं नाव दिसेल. तेव्हापासून ज्या ऑफिसात जाईन तिथं आधी हे नाव तपासते. चारही मशीनवर 'ॲडमिन' असेल तर कुणाच्या ताब्यात फाईल आहे हे कळायला मार्गच उरत नाही.

चिठ्ठी शोधून काढून टाकणं अवघड नाही. वर्डच्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या. टास्क मॅनेजरमध्ये पाहायचं, कारण पडद्यावर काही दिसत नसलं तरी वर्ड मागं अडकून बसलेलं असू शकतं. असेल तर ते तिथून संपवायचं. मग लपलेल्या फायली दाखवायला सांगायचं आणि टिल्ड-डॉलरवाली ती फाईल काढायची. पण त्याआधी एक काम संगणकावरचं नाही, ऑफिसातलं आहे: मोठ्यानं विचारायचं, "अहवालाची फाईल कुणी उघडून ठेवलीय का?" कॅशियर जेवायला गेले असतील आणि त्यांच्या मशीनवर ती खरोखर उघडी असेल, तर ती चिठ्ठी खरी आहे. तिला हात लावायचा नाही. त्यांना येऊ द्यायचं, त्यांचं काम सेव्ह करू द्यायचं, मग पुढं जायचं. हे विचारणं घाईच्या दिवसांत पहिल्यांदा गळतं.

पिवळी पट्टी नंतर आली. ऑफिस २०१०पासून बाहेरून आलेली फाईल आधी संरक्षित रूपात उघडते: वर पिवळी पट्टी, इंटरनेटवरून आलेल्या फायलींत व्हायरस असू शकतो असा इशारा, आणि शेजारी 'एनेबल एडिटिंग'चं बटण. आता सगळे मसुदे व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यामुळे मला येणाऱ्या फोनांत हिचा वाटा मोठा आहे. पाठवणाऱ्यावर विश्वास असेल तर बटण दाबा, एवढंच उत्तर. तरीही पट्टी पाहून लोक फाईल पाठवणाऱ्याला फोन लावतात, "तुम्ही लॉक करून का पाठवली?" आणि दोघांत विनाकारण कटुता येते. पाठवणाऱ्यानं काहीच केलेलं नसतं. ब्राउझरमधून उतरवलेल्या फाईलला विंडोज 'ही बाहेरची' अशी खूण जोडते. ही खूण फाईलच्या मजकुरात नसते, डिस्कवर तिच्या बाजूला वेगळी नोंदलेली असते. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये अगदी खाली 'अनब्लॉक' दिसतं, ते त्याच खुणेसाठी.

या खुणेमुळे एक समजूत सर्वदूर पसरलीय, ती म्हणजे पेनड्राईव्हमध्ये फाईल टाकून परत घेतली की लॉक निघतं. निघतं, हे खरं आहे. पेनड्राईव्ह बहुधा ज्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो त्या पद्धतीत अशी बाजूची नोंद ठेवायला जागाच नसते, म्हणून ती वाटेत गळून जाते. फाईलचं दुखणं गेलं असं वाटतं. गेलेली असते फक्त सावधगिरीची सूचना. आणि तोच पेनड्राईव्ह झेरॉक्सच्या दुकानातून, सायबर कॅफेतून, तीन ऑफिसांतून फिरून आलेला असतो. फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागण्याचा जो उपद्रव जिल्ह्यात घरोघरी झाला, तो असाच पेनड्राईव्हमधून पसरला. तंत्रज्ञ म्हणवणारे काहीजण तर सेटिंगमध्ये जाऊन ही संरक्षित व्यवस्था कायमची बंद करून टाकतात, म्हणजे गिऱ्हाइकाचा पुन्हा फोन नको. मला हे पटत नाही. ज्या मशीनवर शेकडो लोकांच्या ठेवींच्या याद्या आहेत, तिथं एका क्लिकचा कंटाळा ही फार लहान किंमत आहे.

प्रबंधवाल्या मुलांची दुखणी वेगळी असतात. नवीन लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस काही दिवस चालतं, मुदत संपली की फाईल दाखवतं पण बदलू देत नाही. परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करायला मुलगा बसतो आणि टंकन उमटतच नाही. यात फाईलचा दोष काही नाही, परवान्याचा प्रश्न आहे. पैसे भरायची ऐपत नसेल तर मी लिब्रेऑफिस टाकून देते. ते फुकट आहे आणि चांगलं आहे; मात्र तक्ते आणि पानांचे आकडे त्यात थोडे सरकतात, म्हणून शेवटची प्रत जिथून छापायची तिथंच उघडून तपासा, हेही सांगते. काहीजण ईमेलवरून आलेल्या झिपमधूनच फाईल उघडून तासन् तास काम करतात. ती असते तात्पुरत्या जागी, सेव्ह करायला गेलं की अडते. आधी झिप सोडवून फाईल डेस्कटॉपवर घ्या, मग उघडा. आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी कुणी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची वर्ड ९५ची फाईल आणली तर आजचं वर्ड ती मुद्दाम अडवतं; तीही लिब्रेऑफिसमध्ये उघडून नव्या रूपात साठवता येते. मग उरतो जुन्या फॉन्टचा गोंधळ. तो स्वतंत्र विषय आहे आणि मोठा आहे.

पेनड्राईव्ह स्वतःच 'राईट प्रोटेक्टेड' म्हणू लागला तर मात्र मी उपाय शोधत बसत नाही. अनेकदा आतली चिप थकली की पेनड्राईव्ह नवं लिहून घेणं थांबवतो आणि आहे तेवढं वाचू देतो. त्यानं वाचू दिलंय तोवर सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. तो दुरुस्त करण्याच्या कमांड नेटवर सापडतात. त्या आधी चालवून मग कॉपी करायला गेलेली माणसं मी रडवेली झालेली पाहिलीत.

हे झालं तंत्र. कुणीही चार महिन्यांत शिकेल. मला ज्याची खरी काळजी वाटते ती गोष्ट या सगळ्याच्या पुढची आहे: फाईल अडली की माणूस काय करतो?

तो 'सेव्ह ॲज' करतो. नाव बदलतो, काम पुढं चालू ठेवतो. त्या क्षणी त्याची अडचण संपते. पण आता फायली दोन झाल्या. 'अहवाल', 'अहवाल नवीन', 'अहवाल फायनल', 'अहवाल फायनल २', 'अहवाल फायनल साहेबांनी पाहिलेली'. अशी नावं मी जवळजवळ प्रत्येक ऑफिसात पाहिली आहेत. त्यातली कुठली खरी, हे ज्यानं केल्या त्यालाही आठवड्यानं सांगता येत नाही.

एका तालुक्याच्या गावी, एका टायपिंगच्या दुकानात खरेदीखताचा मसुदा होता. दुकानात दोन मशीन, फाईल दोघांच्या सामायिक फोल्डरमध्ये. एका मशीनवर ती उघडी होती आणि वकिलांनी फोनवर सांगितलेलं क्षेत्र त्यात दुरुस्त होत होतं, हेक्टर-आरचा आकडा. त्याच वेळी पक्षकार समोर उभे राहून दुसऱ्या मशीनवरच्या मुलाला पूर्वेचा चतुःसीमेतला धारक बदलायला सांगत होते. शेजारचा गट मधल्या काळात वारसांच्या नावावर गेला होता. दुसऱ्या मशीनला फाईल रीड-ओन्ली मिळाली. मुलानं वेगळ्या नावानं सेव्ह केली आणि दुरुस्ती घातली. आता एका प्रतीत क्षेत्र बरोबर आणि पूर्व दिशा जुनी, दुसरीत पूर्व दिशा बरोबर आणि क्षेत्र जुनं. दोन्ही नीटनेटक्या, दोन्हींना समास सारखा. छापली गेली दुसरी. नोंदणी झाली, अंगठे उमटले, फोटो निघाले, आणि चूक लक्षात आली ती फेरफाराच्या वेळी. मग चूकदुरुस्ती दस्त. त्यासाठी देणारा-घेणारा दोघांनी पुन्हा यायचं. देणाऱ्यांपैकी एक भाऊ चाकणला कंपनीत, त्याला सुट्टी मिळेना. एका बहिणीनं आता यायला मोबदला मागितला. आकडा एवढासा, पण त्यानं एका घरातलं बोलणं बंद झालं.

मला त्यांनी बोलावलं ते हे कसं घडलं ते पाहायला. दोन्ही फायलींच्या वेळा शेजारी ठेवल्यावर सगळं उलगडलं. वर्डमध्ये दोन प्रती ताडून फरक दाखवायची सोय आहे, 'कम्पेअर' नावाची. ती चालवली आणि लाल अक्षरांत ते दोन फरक समोर आले. छापण्याआधी एकदा चालवली असती तर मिनिटाभराचं काम होतं. तेव्हापासून मी माझ्याकडं शिकणाऱ्या मुलींना दस्त आणि अहवाल या दोन कामांसाठी ते सक्तीचंच केलंय. प्रत दुसरी झाली असेल तर छापण्याआधी ताडायचीच, मग गिऱ्हाईक दारात उभं असो.

टाईपरायटरवर टाईप करत होतो तेव्हा कागदांमध्ये कार्बन घालून चार प्रती निघायच्या, पण एकाच ठोक्यानं. वरच्या कागदावर चूक असेल तर चारही प्रतींत तीच चूक. खोडून दुरुस्त करायचं तर चारही कागद उलगडून करायला लागायचं, आणि ते दिसायचं. प्रती एकमेकींपासून वेगळ्या होत नव्हत्या. आताच्या प्रतींना ते बंधन नाही.

मुलींना हे सांगताना मी नेवाशाची गोष्ट सांगते, कारण नेवासं आपल्याच जिल्ह्यातलं आणि त्यांच्यातल्या कित्येकजणी पैस खांबाचं दर्शन घेऊन आलेल्या असतात. ज्ञानेश्वरांनी शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरची टीका तिथं सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. लिहून घेणाऱ्याचं नाव सातशे वर्षं टिकलंय, हे टायपिंग शिकणाऱ्या मुलीनं लक्षात ठेवावं असं मला वाटतं. पुढं त्या ग्रंथाच्या नकला झाल्या, नकलांवरून नकला झाल्या, शब्द निसटले, कुणी आपल्या भक्तीनं भरही घातली. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६मध्ये, एकनाथांनी पैठणला पाठ ताडून शुद्ध केला. आणि एवढं करून ते थांबले नाहीत. या पाठात कुणी आपली ओवी घालू नये, असं त्यांनी शेवटी बजावून ठेवलं. पाठ शुद्ध करण्याइतकंच हे बजावणं मला महत्त्वाचं वाटतं. ज्या माणसानं प्रती ताडण्याचे कष्ट घेतले, त्यालाच कळतं की तयार झालेल्या पाठाला राखणदार लागतो.

म्हणून कुलूप दिसलं की मी आधी पाहते, ते कुणाचं आहे. वीज गेल्यानं पडलेलं कुणाचंच नसतं. पिवळी पट्टी वर्डची सावधगिरी असते. पण काही कुलपं माणसानं समजून-उमजून घातलेली असतात. एकदा एक गृहस्थ वकिलांनी पाठवलेला करारनाम्याचा मसुदा घेऊन आले. त्यात 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' लावलं होतं. त्यांना एकच कलम बदलायचं होतं, पैसे हवे तेवढे घ्या म्हणाले. वर्डच्या या बंधनाला फार बळ नसतं. फाईल उघडायलाच पासवर्ड लागत असेल तर ती गोष्ट वेगळी, तिथं मजकूर खरोखर गुप्त केलेला असतो. पण नुसता बदल अडवणारं बंधन ही फाईलच्या पोटातल्या सेटिंगमधली एक ओळ असते, आणि ती कशी काढतात हे माहीत असणारे गल्लोगल्ली आहेत. मी नाही म्हटलं. वकिलांना फोन करा, ते स्वतः बदलून देतील किंवा का बदलत नाहीत ते सांगतील. आणि वकिलांनाही मी जमेल तेव्हा सांगते की पक्षकाराला पाठवायचा पक्का मसुदा या बंधनावर सोडू नका, डिजिटल सहीची पीडीएफ पाठवा. सही केलेल्या फाईलमध्ये कुणी काना-मात्रा बदलली तर सही खोटी पडते. कुलपापेक्षा हे खूप भक्कम. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर बँका विश्वास ठेवतात तो याच कारणानं.

ऑक्टोबर २०२४मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी आपल्याच जामखेड तालुक्यातलं, त्यामुळे आनंद मोठा होता. पण आमच्या धंद्यात त्याचा अर्थ असा की जिल्ह्यातलं प्रत्येक लेटरहेड, प्रत्येक नमुना, प्रत्येक दाखला बदलायचा. तेव्हा कळलं, किती नमुन्यांना कुलपं आहेत. पाच, दहा, पंधरा वर्षांपूर्वी कुणा लिपिकांनी मोठ्या निगुतीनं फॉर्म बनवलेला: मोकळ्या जागा तेवढ्या भरता येतील, बाकी एकाही अक्षराला हात लागणार नाही. हेडरमध्ये 'जि. अहमदनगर'. आणि पासवर्ड ज्यांना माहीत, ते निवृत्त होऊन गावी गेलेले.

अशाच एका शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्याचा नमुना होता. शाळेला तो दोन दिवसांत हवा होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ताई, तुम्हाला तर येतं म्हणे काढता. काढून टाका." येतं. तरी मी विचारलं, हा बनवला कुणी? नाव निघालं, नंबर शोधला, शेवगाव तालुक्यातल्या एका गावी फोन लागला. नमस्कार-चमत्कार झाले. सरांनी पासवर्ड लगेच सांगितला, त्यांना तो पाठच होता. मग विचारलं, "काय काय बदलणार आहात?"

मी म्हटलं, अहमदनगरच्या जागी अहिल्यानगर, जिथं जिथं असेल तिथं.

"जिथं जिथं नका," ते म्हणाले. "वरचं शाळेचं पत्त्यातलं बदला. त्याच फोल्डरमध्ये मागच्या वर्षांचे दिलेले दाखले आहेत, त्यात मुलांच्या जन्मस्थळापुढं जिल्हा लिहिलाय. तो जनरल रजिस्टरला जसा आहे तसाच राहायला हवा. उद्या कुणी नक्कल मागायला आलं आणि नक्कल एक आणि रजिस्टर एक असं झालं, तर पोरगं जात पडताळणीला अडकतं. कुलूप मी त्याच्यासाठी घातलं होतं. आमच्याकडं एकानं असंच एकदा सगळीकडून एक शब्द बदलला होता."

मी पेन काढून ते लिहून घेतलं आणि मुख्याध्यापिकांना फोन दिला. त्या बराच वेळ बोलत होत्या.

त्या दुपारी आम्ही नमुन्याचं हेडर बदललं, नवा पासवर्ड घातला. दिलेल्या दाखल्यांचं फोल्डर वेगळं काढलं आणि त्याला शाळेच्या सगळ्या मशीनवरून फक्त वाचायची परवानगी ठेवली. एका कागदावर दोन्ही पासवर्ड, तारीख, आणि सरांनी सांगितलेलं कारण चार ओळींत लिहून मुख्याध्यापिकांनी तो पाकिटात घातला, वर सही केली आणि जनरल रजिस्टरच्या कपाटात ठेवला. लिपिक ताईंना त्यांनी सांगितलं, ही फाईल कधी अडली तर आधी हे पाकीट उघडायचं.